खापाचं टमाटं

"उगवलं का गं, मंजू?"

शिवकांताबाईंच्या फोनला आगापिछा नसायचा. कशी आहेस नाही, जेवलीस का नाही, एकदम रोपावर. सून लातुरात, सासू उदगीरपलीकडच्या खेड्यात.

मंजुश्री गच्चीवर उभी होती. पुढ्यात रंगाच्या रिकाम्या बादल्या ओळीनं मांडलेल्या आणि प्रत्येकीत वीतभर रोप. "हो आत्या," ती म्हणाली, "चांगलं उगवलंय. जोमात आहे."

"पान चोळून बघ बरं. वास हाय का?"

तिनं जवळच्या रोपाचं पान चोळलं. टमाट्याच्या कुठल्याही पानाला येतो तो वास आला. "आहे, आत्या."

"मंग झालं. जीव भांड्यात पडला बघ माझा."

फोन ठेवल्यावर मंजुश्रीनं बोटं साडीला पुसली. वास जाता जाईना. त्या बादल्यांत काळं टमाटं होतं, पिवळं होतं, हिरव्या पट्ट्यांचं होतं. शिवकांताबाईंचं मात्र एकही रोप नव्हतं. त्यांचं बी जळालं होतं. जळालं म्हणजे उन्हानं नव्हे, शेगडीत. आणि शेगडीत ते आपल्या पायानं चालत गेलं नव्हतं.

आता मंजुश्री काही वाईट बाई नाही, हे आधी सांगितलेलं बरं. नांदेडची लेक, एका कॉलेजात कारकून, दिवसभर पोरांच्या टीसीवर शिक्के मारणारी. नवरा महांतेश हार्डवेअरचं दुकान चालवतो, म्हणून घरात रंगाच्या बादल्यांना तोटा नाही. गच्चीवरच्या बागेचं वेड तिला मोबाईलमधल्या एका ग्रुपवरून लागलं. त्या ग्रुपात बाया सकाळ-संध्याकाळ आपापल्या टमाट्यांचे फोटो टाकायच्या. कुणाचं जांभळं, कुणाचं केशरी, कुणाचं मिरचीसारखं लांबडं. सगळी म्हणे जुनी, देशोदेशीची, पिढ्यान्पिढ्या राखलेली वाणं. मंजुश्रीनंही कुरिअरनं पुड्या मागवल्या आणि जेवणाच्या टेबलावर मांडून कुठलं लावावं, कुठलं ठेवावं करत बसली. लग्नाच्या साड्या निवडतानाही तिला इतका वेळ लागला नव्हता, असं महांतेश म्हणायचा.

नेमकं त्याच सुमारास, श्रावणात, नणंद अक्षरा बाळंतीण झाली. दवाखाना जवळ म्हणून बाळंतपण लातुरातच ठरलं. शिवकांताबाई गावाहून आल्या त्या डिंक, खारीक आणि शेकाच्या गोवऱ्यांचं पोतं घेऊन. आणि एक गोवरी वेगळी, जुन्या इरकली लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेली. ती त्यांनी टेबलावर पुड्यांच्या शेजारीच ठेवली.

"ही जाळायची न्हाई हां. हिच्यावर बी हाय. आपलं खापाचं टमाटं."

फडकं उघडलं. शेणाच्या गोवरीवर पिवळसर बी चिकटवून वाळवलेलं. गावाकडे बायका असंच बी राखतात, शेणात कीड लागत नाही.

"माझ्या सासूनं मला वटीत घातलं होतं," शिवकांताबाई म्हणाल्या. "चपटं असतंय, खापाखापाचं. सालट पातळ, लवकर फुटतंय, बाजारात कुणी इचारीत न्हाई. पर आंबट असं, की येळवशीच्या भज्जीत चिंचबी कमी लागती. तू एवढी हौस करून राहिली, म्हणून आणलं. एखाद्या बादलीत लाव."

मंजुश्रीनं बादल्या मनातल्या मनात मोजल्या. प्रत्येक बादलीचं टमाटं ठरलेलं होतं. काळ्याला हलवावं का? काळं तर ग्रुपात कुणाकडेच नव्हतं. पट्ट्यांचं? त्याचा फोटो किती सुंदर! आणि हे खापाचं, फुटकं, आंबट. त्याचा फोटो टाकून काय सांगणार?

"लावते की आत्या," ती म्हणाली आणि गोवरी फडक्यासकट जिन्याखालच्या फळीवर ठेवून दिली. बारसं उरकून शिवकांताबाई गावी गेल्या. घरी म्हैस होती, तिच्यापायी त्यांना फार राहता येत नसे.

मग पावसानं झड धरली. जिन्याखाली पाणी झिरपून गोवऱ्यांचं पोतं भिजलं. त्या दिवशी अक्षराची पोर सकाळपासून रडत होती, हातपाय गार, पोट ताठ. "वहिनी, शेक द्या ना लवकर," अक्षरा बाजेवरून कळवळून म्हणत होती. मंजुश्रीनं एकामागून एक गोवरी शेगडीत घातली, नुसता धूर. डोळे चुरचुरायला लागले. वर फळीवर हात गेला. फडकं सोडलं. बी दिसलं. स्पष्ट दिसलं. गावी आत्याकडे असेलच की आणखी, असं तिच्या मनात आलं आणि तेवढ्यात तिनं गोवरी मोडली.

कोरडी होती, चटकन पेटली. बी तडतडलं. ओव्याची धुरी झाली, बाजेखाली शेगडी सरकवली आणि पोर अर्ध्या तासात शांत झोपली. मंजुश्रीला त्या वेळी काही वाटलंही नाही. फडकं धुवून तिनं कपाटात ठेवून दिलं.

वाटलं ते पुढच्या आठवड्यात.

"मंजू, आगं इथं परसात पाणी शिरलं," शिवकांताबाई फोनवर सांगत होत्या. "रोपं समदी कुजली. भितीला लावलेल्या बियाच्या गोवऱ्याबी वाहून गेल्या. मी तर रडलेच. मंग ध्यानात आलं, आरे, आपल्या मंजूपाशी हाय की! लावलंस ना गं?"

तोंडातून 'हो' निघून गेलं. शिवी निघते तसं, विचार न करता. आणि एकदा निघालेलं 'हो' परत गिळता येत नाही. मग उगवलं का, फुटलं का, फूल आलं का, रोज एक प्रश्न आणि रोज एक खोटं. खाई त्याला खवखवे. फोडणीत मोहरी तडतडली तरी मंजुश्री दचकायला लागली. काळ्या टमाट्याला फळ धरलं, ग्रुपात वाहवा झाली, पण तिनं ते तोंडातसुद्धा घातलं नाही.

"सांगून टाक," महांतेश म्हणाला. त्याला तिनं सांगितलं होतं. आईला तो अव्वा म्हणायचा. "अव्वा काय खाणार हाय का तुला? टमाट्याचं बी ते."

"टमाट्याचं बी असतं तर सांगितलं असतं हो."

"मंग कशाचं हाय?"

मंजुश्री पाण्याची झारी घेऊन गच्चीवर गेली.

येळवस जवळ आली. मार्गशीर्षातल्या अमावास्येला अख्खं लातूर कुलपं लावून शेतात जातं. नांदेडला हा सण फारसा नाही, पण लग्न झाल्यापासून मंजुश्रीलाही त्याची गोडी लागली होती. औंदा मात्र सणाआधीच फोन आला.

"येताना टमाटे आण गं. त्याच फडक्यात बांधून आण. भज्जीत पहिला मान त्याचा."

मंजुश्री गंजगोलाईचा बाजार पालथा घालत फिरली. जो तो भाजीवाला गोल गुळगुळीत टमाटे दाखवी. शेवटी कोपऱ्यात गोणपाटावर बसलेल्या साखराबाई नावाच्या म्हातारीपाशी चपटे, खापाखापाचे टमाटे दिसले.

"कुठले हो हे?"

"अहमदपूरकडचे, बाई. गावरान हायेत. तोंडाला फुटलेत जरा, पर घ्या."

फुटलेत म्हटल्यावर मंजुश्रीला केवढा आनंद झाला! भाव न करता तिनं सगळे घेतले. घरी येऊन कपाटातलं इरकली फडकं काढलं आणि त्यात टमाटे बांधले. आपल्याला आता ह्यातसुद्धा हुशारी वाटायला लागली, ह्याची तिला शिसारी आली. तरी तिनं गाठ मारली.

गावी पोहोचल्यावर शिवकांताबाईंनी ओसरीवरच गाठोडं सोडलं. एक टमाटं हातात घेतलं, फिरवलं, डोळ्यांजवळ नेलं.

"आंग बदललं जरा," त्या म्हणाल्या. "शहरातली माती, ती बादली. बिचाऱ्यानं तरी किती करावं? आलं हेच लई झालं." आणि सुनेच्या गालावरून हात फिरवून त्यांनी कानशिलावर बोटं मोडली.

पहाटे चूल पेटली. तुरीचे दाणे, हरभऱ्याचे सोलाणे, वाल, पातीचा कांदा, मेथी, सगळं बेसनात शिजत होतं. शिवकांताबाईंनी टमाटे चिरून घातले. चिंचेच्या कोळाचं वाटकं अर्ध्यावरच बाजूला सारलं. "आता चिंच कशाला?" म्हणाल्या. नैवेद्याचं म्हणून चव बघायची सोय नव्हती. मंजुश्री जवळच बाजरीच्या पिठाचे उंडे वळत बसली होती. तिला वाटलं, चिंचेचं वाटकं आपणच उचलावं आणि ओतून द्यावं. हात काही उठला नाही.

शेतात कडब्याची कोप उभी होती, खोपटासारखी. आत पांडव म्हणून पुजायचे पाच दगड चुन्यानं रंगवलेले. पूजा झाली, महांतेशनं रिवाजाप्रमाणे आरोळ्या देत कोपीभोवती आंबील शिंपडली, अक्षरा पोरीला घेऊन कोपीत टेकली. शिवकांताबाईंनी मंजुश्रीला बांधावर बोलावलं. तिथं ताजी थापलेली ओली गोवरी होती. त्यांनी राखून ठेवलेलं एक पिकलं टमाटं मुठीत फोडलं आणि बी गोवरीवर पसरलं. मायेनं, जसं पोराच्या टाळूला तेल लावावं.

"वाळली की तुझ्या घरी ने. आता हे बी तुझं. माझ्या सासूनं असंच दिलं होतं मला, ह्याच बांधावर. पदर धर."

त्यांच्या एका हातात हळदकुंकू होतं, दुसऱ्या हातात ती गोवरी. मंजुश्रीनं पदराची टोकं धरली. पुढं केली नाहीत.

"धर की गं."

"आत्या, हे ते नाही."

"काय ते न्हाई?"

"हे तुमचं टमाटं नाही. गोलाईतून विकत आणलंय." तिनं पदर सोडला. "तुमची गोवरी मी जाळली. बाळाच्या शेकाला. बाकीच्या भिजल्या होत्या. लावलंच नव्हतं मी, आत्या, कधीच लावलं नव्हतं."

शिवकांताबाईंनी हळदकुंकवाची कोयरी खाली ठेवली. दूर दुसऱ्या शेतात कुणीतरी पोरं ओरडत होती.

"चुकून जाळली?"

इथं 'हो' म्हणता आलं असतं. एवढ्या खोट्यांत आणखी एक खपलं असतं.

"नाही. बी दिसलं होतं मला."

शिवकांताबाई बांधावर बसल्या. गोवरी मांडीवरच होती. "तिच्या हातचं तेवढंच राहिलं होतं गं माझ्यापाशी," त्या म्हणाल्या. "दागिने पोरीच्या लग्नात गेले. तेवढंच होतं." डोळ्यांना पदर लावला नाही, पाणी तसंच गालावरून येऊ दिलं. मंजुश्री पायाशी बसली. माफ करा म्हणायला तोंड उघडलं, पण ते शब्द इतके बारके वाटले की तिनं ते म्हटलेच नाहीत.

कोपीतून पोरीचं रडणं आलं. शिवकांताबाईंनी मान वर केली.

"त्या दिशी निजली का पोरगी? शेकानं?"

"निजली, आत्या. लगेच निजली."

त्या उठल्या. गोवरी बांधावर ऊन बघून ठेवली, हात लोटक्यातल्या पाण्यानं धुतले आणि कोपीकडे गेल्या. हळदकुंकवाची कोयरी तिथंच राहिली. मंजुश्रीनं ती उचलली आणि मागोमाग गेली.

पंगत बसली. महांतेशनं पहिला घास घेतला आणि मान खाली घालून जेवत राहिला, त्याला टमाट्यांचं ठाऊक होतं. अक्षराला मात्र काहीच ठाऊक नव्हतं. तिनं भज्जी चाखली, पुन्हा चाखली.

"अव्वा, औंदा भज्जी आंबट न्हाई गं लागून राहिली. वहिनीचे टमाटे घातले ना?"

मंजुश्रीचा घास हातातच राहिला. आता सगळं सगळ्यांपुढे येणार, येऊ दे, असं म्हणून तिनं डोळे मिटून घेतले.

"टमाट्याला काय झालंय?" शिवकांताबाई म्हणाल्या. "चिंच कमी पडली माझ्याकडून. म्हातारी झाले, आंदाज चुकला."

आणि वाकून त्यांनी मंजुश्रीच्या ताटात आणखी एक पळी भज्जी वाढली.