चामड्याची वाटी

"वाटीचं तोंड तेलाकडं ठेवायचं, भिवरा. उलटी बसली तर दट्ट्या नुस्ता वर-खाली नाचतो, दाबत काय बी न्हाई. आन् बसवायच्या आधी एरंडेलात भिजू दे. कोरडं चामडं दगा देतं."

धोंडीरामाचा हा आवाज भिवराबाईला तुळशीला पाणी घालताना ऐकू येई, माळ ओढताना ऐकू येई. नवरा जाऊन महिना उलटला होता, तरी नामस्मरणाच्या मधेच तो असा दट्ट्याचं बोलून जायचा.

देशमुखांच्या गिरणीतलं इंजिन धोंडीराम सांभाळायचा. बार्शीकडच्या कुठल्याशा कापसाच्या कारखान्यानं टाकून दिलेलं, रॉकेलवर चालणारं ते धूड बैलगाडीतून बालाघाटाचा चढ चढून धारूरला आलं, तेव्हा निम्मं गाव बघायला लोटलं होतं. निजामाच्या मुलखात त्या काळी असल्या यंत्राचा मिस्त्री हैदराबादेखेरीज मिळणं मुश्किल. धोंडीराम खोलून-जोडूनच शिकला. रॉकेल ओढून इंजिनात फेकणारा मुठीएवढा पितळी पंप होता, आणि त्याच्या दट्ट्याला चामड्याची एक वाटी. वाटी झिजली की पंप गळे. मग धोंडीराम पंप घरी आणी आणि भिवराबाई ओसरीवर बसून सुटे भाग रॉकेलात धुऊन देई. उपासाच्या दिवशी मात्र ती वाटीला शिवत नसे.

"तुझा देव बी चामडं बडवूनच जागा होतो की," तो हसायचा. "मृदंगाला काय केळीचं पान लावत्यात?"

"काय बी बोलता तुमी," म्हणून ती हात जोडायची, त्याच्या वतीनं.

देशमुख धर्मराज कडक सोवळ्याचे. श्रावणात देवीच्या महाप्रसादाचं पीठ आपल्याच गिरणीत दळायचं त्यांनी योजलं आणि इंजिनाचा चामडी पट्टा काढून जाड कापडाचा आणवला. "आता पीठ शुद्ध," ते म्हणाले. आणि धोंडीराम भोळेपणानं बोलून गेला, "पंपात तेवढी एक वाटी हाय मालक चामड्याची. पर ती पिठाला कुटं लागती?"

देशमुखांनी कानांवर हात ठेवले. वाटी उभ्याउभ्या काढवली. तिच्या जागी सूत वळून, मेणात बुडवून बसवायला लावलं. सूत पवित्र, मेण पवित्र. पण मेण रॉकेलात विरघळलं आणि पंप गळू लागला. हे इंजिन सुरू करायचं तर आधी त्याच्या डोक्याखाली भडकता दिवा लावून ते लाल करावं लागे. धोंडीराम दिव्यापाशी वाकला होता. वरून ठिबकलेलं रॉकेल दिव्यावर आलं.

चार माणसांनी त्याला घोंगडीत घालून आणलं. केळीच्या पानांवर निजवला. शुद्ध होती तोवर एकच घोकत होता : "आता धाकट्या रामकिसनला बसवतील तिथं. वाटी घातल्याबिगर त्याला दिवा लावू देऊ नको. वचन दे." हातावर हात ठेवावा तर कातडी जागेवर नव्हती. भिवराबाईनं त्याच्या पायाच्या अंगठ्याला हात लावून वचन दिलं.

तो गेल्यावर देशमुख दारापर्यंत आले. डोळे पुसून म्हणाले, "इतकी वर्षं चामडं आत होतं, त्याचा हा कोप, भिवरा." ते खोटं बोलत नव्हते. त्यांना तसंच वाटत होतं. पंपावर गोमूत्र शिंपडलं गेलं, नवं सूत वळलं गेलं, आणि घटस्थापनेच्या सकाळी गिरणी सुरू करायचं ठरलं. इंजिनावर धोंडीरामाचा धाकटा भाऊ, रामकिसन.

सर्वपित्रीच्या दुपारी कावळ्याला घास ठेवून झाला, तेव्हा भिवराबाईनं जेवणाऱ्या दिरापुढं पत्र्याची डबी ठेवली. धोंडीरामानं भाजायच्या आधीच कापून ठेवलेली वाटी त्यात एरंडेलात बुडून होती.

"भावजी, उद्या दिवा लावायच्या आधी येवढी बसवा."

रामकिसनचा घास हातातच राहिला. "न्हाई जमायचं, वैनी."

"कावून?"

"मालकानं देवीफुडं उभं केलतं परवा. बेलभंडारा उचललाय म्या. चामडं घालनार न्हाई म्हनून."

"मग जाऊच नका गिरणीवर."

"आन् ऱ्हावं कुटं? घराखालची जागा त्यांची, रान त्यांचं."

त्याची बायको छबुबाई सातव्या महिन्याची. भिंतीला टेकून ती म्हणाली, "आवं, तुमी भंडारा उचलला, तसं त्या रॉकेलानं बी उचलायचा व्हता म्हनावं, गळनार न्हाई म्हनून." बोलता बोलता तिचा हात पोटावर गेला.

"मोडला तर माझ्या लेकरावर येईल, वैनी," रामकिसन खालच्या आवाजात बोलला. "भाजून मेलो तर मी येकलाच मरन."

भिवराबाईनं डबी उचलली. देवीच्या नावाची शपथ मोडायला ती कुणाला सांगणार नव्हती. बारा महिने मंगळवार-शुक्रवार धरणारी बाई ती. पण बेलभंडारा रामकिसननं उचलला होता. तिनं नाही.

रामकिसननं हात धुतले, पटका बांधला. कमरेची गिरणीची किल्ली सोडून देवळीत ठेवली, तीही तिच्याकडं न बघता.

"रानात जाऊन येतो. दिवस मावळल्यावरच परतन." उंबऱ्यावर थांबून तो पुटपुटला, "मी किल्ली इसरलोय."

तो गेल्यावर भिवराबाईनं डोक्यावरून पाणी घेतलं. ओल्या केसांनी देव्हाऱ्यासमोर बसली. उद्याच्या घटासाठी आणलेली काळी माती परडीत तयार होती. घटाच्या आदल्या दिवशी विधवा बाई चामडं घेऊन त्या गिरणीत सापडली, तर गाव या घराचं पाणी तोडेल, हे तिला ठाऊक होतं. देवी काय करेल, ते ठाऊक नव्हतं.

"आई, जे काय यायचं ते माझ्या पदरात घाल," ती म्हणाली. "त्या दोघांकडं बघू नको."

तिनं डबी उघडली. आज पितरांचा दिवस, तिला उपास, तरी वाटी बोटांनी दाबून पाहिली. मऊ झाली होती. तोंड कोणतं, पाठ कोणती, अंगठ्यानं पुन्हा चाचपलं. डबी कनवटीला खोचली, नवऱ्याचा लोखंडी पाना पदराखाली धरला, देवळीतली किल्ली घेतली.

छबुबाई काही विचारणार होती. तिनं नुसतं दार धरलं.

रस्त्यात पाणी आणायला निघालेल्या दोन बाया समोरून येत होत्या. पांढरं कपाळ दिसताच त्यांनी तोंड फिरवलं आणि वाट सोडली. भिवराबाई मान खाली घालून, हळू पावलांनी, गिरणीच्या बाजूला वळली.