झुमुर्रुदची गोफण

मित्रांनो, मी एक जुनी गोफण आहे. मळ्यात पाखरं हाकणारी नव्हे. माझी नुसती दांडी न्यायला दोन बैलगाड्या एकीमागे एक जोडाव्या लागत. मी भिरकावलेला दगड पडला की किल्ल्याचा तट खचत असे. मला पाहून तटावरचे, क्रूसाच्या लढाईसाठी समुद्रापलीकडून आलेले फिरंगी देवाचं नाव घ्यायचे, आणि माझे दोर ओढणारेही देवाचंच नाव घ्यायचे. त्या काळी आसी नदीच्या खोऱ्यात सगळं देवाच्याच नावानं चालत होतं.

गोफण होण्याआधी मी अक्रोडाचं झाड होते. ऐन-जौज गावच्या बागेत मसऊद नावाच्या माळ्याने मला वाढवलं. त्याची बायको झुमुर्रुद दोर वळायची. तिच्या दोराला खोऱ्यात तोड नव्हती. शेजारी वार्तान नावाचा आर्मेनी ख्रिस्ती सुतार राहायचा. त्याच्या धाकट्या बहिणीच्या, शुशानच्या हातच्या भाकऱ्या झुमुर्रुदच्या घरी जायच्या, आणि माझे अक्रोड वार्तानच्या घरी. कोण कोणत्या देवाला भजतं हे सणाच्या दिवशी तेवढं आठवायचं.

मग एका सुगीत कड्यावरच्या किल्ल्यातून गोबेर नावाचा फिरंगी सरदार घोडेस्वार घेऊन खाली उतरला. गावचे पुरुष पाणचक्कीत दार लावून बसले. गोबेरने गळ्यातला क्रूस हातात धरला आणि ओरडून सांगितलं, "बाहेर या. कोणाच्या केसालाही धक्का लागणार नाही."

मसऊद भला माणूस. शपथ ऐकली आणि त्याने दार उघडलं. जे बाहेर आले ते चक्कीच्या अंगणातच पडले. झुमुर्रुद नदीकाठी अंबाडी भिजवत होती, म्हणून वाचली. वार्तान डोंगरात लाकूड आणायला गेला होता, म्हणून वाचला. शुशानला मात्र त्यांनी घोड्यावर टाकून नेलं. जाताजाता त्यांनी बागही तोडली. मीही पडले.

झुमुर्रुद माझ्या आडव्या बुंध्यावर येऊन बसली. तिच्या हाताला नवऱ्याच्या थडग्याची माती होती. वार्तान शेजारी बसून रडत होता.

"मेस्त्री, रडणं मागाहून," ती म्हणाली. "या लाकडाचं काय होईल ते सांग."

"तुझ्या घराचं आढं होईल."

"घर कोणाला हवंय? त्यांची भिंत फोडणारं काही होईल का?"

वार्तानने डोळे पुसले आणि माझ्या अंगावरून हात फिरवला. "होईल की. चांगलं लांबलचक आहे. गोफण होईल."

खोऱ्याचा मुसलमान अमीर तो किल्ला घ्यायला निघालाच होता. त्याला सुतार हवे होते, दोर वळणारी माणसं हवी होती. वार्तानने मला तासलं, सांधलं, एका टोकाला धोंड्यांनी भरलेली पेटी टांगली. झुमुर्रुदने दुसऱ्या टोकाची झोळी वळली. वळताना तिने आपले केस कापून अंबाडीत मिसळले. शिपायांनी माझं नाव 'विधवा' ठेवलं. ती म्हणाली, "ठेवा. नाव शोभतंय."

पहिला दगड सुटला तेव्हाचं सुख मी कसं सांगू? पेटी धाडकन खाली गेली, माझा हात आभाळात उठला, आणि ज्यांनी मला तोडलं होतं त्यांच्या तटाचा कंगोरा उडाला. शिपाई नाचले. मला बोलता येत असतं तर मीही ओरडले असते, आणखी एक! रोज अमीर येऊन मला थोपटायचा. माझ्या सांध्यांना मेंढीची चरबी लावली जायची. शिपायांना मिळाली नाही एवढी चरबी मला मिळाली.

दगडांचा रोख गोबेरच्या बुरुजावर होता. बुरुज कलायला लागला होता, आणि नेमका तेव्हाच किल्ल्यातून पळालेला, घोडे राखणारा एक मोतद्दार छावणीत आला. वार्तानने त्याला शुशानबद्दल विचारलं.

"भाकरवाली ना? आहे की जिवंत. बुरुजाच्या पायथ्याला स्वयंपाकघर आहे, तिथं राबते."

वार्तान अमीराकडे गेला, दुसरी बाजू फोडा म्हणून विनवलं. अमीराने सांगितलं, दुसऱ्या बाजूला तट दुप्पट जाड आहे. त्या दिवसापासून माझे दगड बुरुजाच्या अलीकडे, कड्याच्या उतारावर पडू लागले. शिपाई म्हणाले, विधवा थकली. पण मी थकले नव्हते. वार्तानने माझ्या झोळीचा दोर वीतभर आखडला होता.

दोर झुमुर्रुदने वळलेला. तो आखडलेला तिला कळायला कितीसा वेळ लागणार?

"ही गाठ माझी नाही," ती म्हणाली.

वार्तानने गाठीवरून हात काढला. मग सगळं सांगून टाकलं. "तुझी भाकरवाली आहे ती, बाई. तुझ्या अंगाखांद्यावर वाढली."

"आणि मसऊद तुझ्या पंगतीला बसायचा. त्याला मारताना कोणी थांबलं?"

"मी थांबवतोय ना आता."

"तुझं माणूस जिवंत आहे म्हणून तुला थांबणं सुचतं. माझं असतं तर मीही शहाणी झाले असते, मेस्त्री."

"चार दिवस दे. ती पळून येईल."

"चार दिवसांत गोबेरला कुमक येईल. तो बुरुजात बसलाय. मला तो तिथंच हवाय."

दुसऱ्या सकाळी वार्तान लाकडं पाहायला गेलेला बघून तिने गाठ सोडली. दोर होता तेवढा लांब केला. शिपायांनी पेटी वर ओढली, झोळीत दगड ठेवला, आणि दांडी अडवून धरणाऱ्या खुंटीचा दोर तिने स्वतःच्या हाताला गुंडाळला.

"मसऊद," एवढंच ती म्हणाली आणि ओढला.

माझ्या हातून त्याहून नेमका दगड कधी सुटला नाही. बुरुज आतल्या बाजूला बसला. सगळी छावणी ओरडली. दुपारी किल्ल्याचं दार उघडलं आणि गोबेर बाहेर आला. धडधाकट. दगड पडला तेव्हा तो वेशीपाशी घोडा पाहत उभा होता. त्याने अभय मागितलं, अमीराने दिलं, आणि दिलेला शब्द पाळला. गोबेर झुमुर्रुदच्या पुढ्यातून बाहीवरची धूळ झटकत निघून गेला. त्याने तिला ओळखलं नाही. ओळखायला त्याने तिला पाहिलंच कधी होतं?

संध्याकाळी वार्तान एका दाराच्या फळीवर शुशानला घेऊन खाली उतरला. तिच्या बोटांना पीठ होतं. फळी त्याने माझ्या पायाशी ठेवली आणि कुऱ्हाड उचलली. झुमुर्रुद पळाली नाही. तिने ओढणी मानेवरून बाजूला केली.

"घाल, मेस्त्री. तुझा हक्क आहे."

वार्तानने कुऱ्हाड खाली घेतली. मग म्हणाला, "एका घावात सुटशील. मला एवढा दयाळू समजू नकोस. जग. मी जगणार आहे तशीच जग."

कुऱ्हाड त्याने माझ्या झोळीवर घातली. बहिणीला पुरलं आणि तो चालता झाला. पुढे कळलं, तो समुद्रकाठच्या फिरंग्यांसाठी गोफणी बांधतो, आणि त्याचे दगड कधी चुकत नाहीत.

मला किल्ल्याच्या चौकात टाकलं. कोंबड्या माझ्यावर बसू लागल्या. कितीतरी पावसाळे गेले. एकदा वार्तानच्या गोफणीने अमीराच्या शहराची वेस फोडली, त्यात झुमुर्रुदचा भाचा दबून मेला. मग नव्या अमीराला माझी आठवण झाली. त्याच्या सरदाराने म्हाताऱ्या झुमुर्रुदला आणून माझ्यापुढे बसवलं. पुढ्यात अंबाडीचा ढीग टाकला.

"आजी, वळा दोर. भाच्याचा सूड घ्यायचाय. वार्तान फिरंग्यांच्या बंदरातल्या कोटात बसलाय."

तिने वळायला घेतलं. बोटं वाकडी झाली होती, पण पीळ तोच होता. माझ्या लाकडात पुन्हा ऊब आली. निम्मा दोर झाल्यावर तिने विचारलं, "त्या कोटात भाकऱ्या कोण भाजतं?"

सरदार हसला. "मला काय ठाऊक? असेल कोणीतरी. का?"

तिने दोर उलटा धरला आणि उकलायला सुरुवात केली.

"आजी, हे काय करताय?"

"दिसत नाही? उकलतेय."

तिला शिव्या घालून हाकलून दिलं. दुसऱ्याने वळलेला दोर पहिल्याच फेकीला तुटला आणि माझी दांडी मधोमध तडकली. तेव्हापासून मी इथेच आहे.

मित्रांनो, इतर जुन्या वस्तू तुमच्याकडे चार थेंब तेल मागतील, छप्पर मागतील. मला काही नको. मला झाकू नका, सांधू नका, आणि दोर तर मुळीच बांधू नका. खरं सांगते, झुमुर्रुदने जे उकललं ते मला अजून उकलता आलेलं नाही. समुद्राकडे वारा वाहू लागला की माझी तडकलेली दांडी आजही करकरते. धूळ झटकत गेलेला तो गोबेर माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. माझ्या बुंध्याला आता वाळवी लागली आहे. तिला हाकलू नका. तिचं काम तिला पुरं करू द्या.