ताईचं मत

ताई मंत्री झाली त्या दिवशी धाकटी न्हाणीघरातल्या गळक्या नळाला चिंधी बांधत होती. रेडिओवर नाव ऐकताच आधारगृहातल्या बायका तिच्याभोवती गोळा झाल्या. स्वयंपाकीणबाई पदराला हात पुसत म्हणाल्या, "चला, आता छप्पर तरी गळायचं थांबेल!" बाकीच्या हसल्या. धाकटीने चिंधीला आणखी एक गाठ मारली. आपली बहीण तिला पुरती ठाऊक होती.

दोघी बहिणी एका आईच्या, पण वाटा दोन. ताई परंपरावाल्या पक्षात. बाईने घर सांभाळावं, मर्यादेत राहावं, घर टिकलं तर सगळं टिकतं, असं सांगणारा पक्ष. धाकटी नवऱ्याचं घर सोडून आलेल्या बायकांचं आधारगृह चालवायची. गॅरेजच्या मागची दुमजली इमारत, वर खाटा, खाली स्वयंपाकघर आणि वर्षानुवर्षं जिन्या-कठड्याचं तेच ओलं लाकूड. दोघींचं भांडण कधी झालं नाही, कारण त्या विषयावर दोघी बोलतच नसत.

न बोलण्यामागे एक जुनी गोष्ट होती. धाकटीने कॉलेजात जायचं म्हटलं तेव्हा वडील म्हणाले, एकीलाही पुढे शिकवणार नाही. ताईने अन्न सोडलं. शेवटी बापाशी सौदा केला : तुम्ही म्हणाल त्याच्याशी मी लग्न करते, हिला शिकू द्या. तशी ती बोहल्यावर चढली आणि धाकटी कॉलेजात गेली. पुढेही ताईचा जन्म असाच सौद्यांत गेला. पक्षाच्या कचेरीत बायकांसाठी स्वच्छतागृह नव्हतं, बैठकीच्या दिवशी ती पाणीच प्यायची नाही. पदाधिकारी झाल्यावर तिने पहिलं काम केलं ते स्वच्छतागृह बांधायचं, आणि त्या बदल्यात भाषणांतून नोकरी करणाऱ्या आयांना नावं ठेवली. टाळ्या पडल्या. स्वच्छतागृहही झालं.

आणि आता तिच्याच खात्याने समेटाचा कायदा आणला होता. घर सोडणाऱ्या बाईने कोर्टात जाण्याआधी सहा महिने समेटासाठी पतीच्या घरी काढायचे, आणि आधारगृहांनी कुणालाही आठवड्याहून जास्त ठेवायचं नाही. आधारगृहाचे खटले फुकट लढवणारी तरुण वकीलबाई कायद्याचा मसुदा वाचून संतापली.

"मावशी, तुमच्या बहिणीला लोक स्त्रीवादी म्हणतात हो! पहिली बाई मंत्री, पुरुषांच्या बरोबरीने बसते म्हणे. आणि हे? कुंपणानेच शेत खायचं?"

"तिला कुणी स्त्रीवादी म्हटलं तर ती शिवी दिल्यासारखी उसळते," धाकटी म्हणाली. "तिच्यावर तो आरोप करू नकोस."

"तुम्ही काय म्हणता?"

"मी दमले आहे गं. संध्याकाळच्या भाजीचं बघू दे."

कायद्यावरच्या मतदानाला दोन दिवस होते. दुपारची जेवणं उरकून सगळ्या लवंडल्या होत्या, तेव्हा गॅरेजच्या बोळात गाडी थांबली. सरकारी नव्हे, भाड्याची. मागच्या दारातून ताई आत आली. तिच्यामागे तिची सून. दातांची डॉक्टर, एरवी टापटिपीची. आज उजवा हात प्लास्टरमध्ये, आणि डोळ्याखाली पिवळट हिरवं.

धाकटी काही विचारायच्या आत ताई म्हणाली, "पडली नाहीये. माझ्याच कार्ट्याने केलंय. हिला ठेवून घे."

धाकटीने दोघींना वर नेलं. सून खाटेच्या कडेवर बसली. खिडकीबाहेर वाळत घातलेल्या चादरींकडे बघत म्हणाली, "आपलेच दात, आपलेच ओठ, मावशी. आणि मी दातांचीच डॉक्टर." कुणीच हसलं नाही, तीही नाही.

धाकटीने तिला पाणी दिलं, उशी सारखी केली, आणि बहिणीला दंडाला धरून खाली स्वयंपाकघरात नेलं.

"किती दिवस ठेवू? तुझा कायदा झाला तर आठवडाच ठेवता येईल."

ताईने खुर्ची ओढली. बसताना गुडघ्यावर हात दाबला. तिचंही वय झालं होतं, हे धाकटीला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं. "पक्ष वर्षभर म्हणत होता. मी सहा महिन्यांवर आणलं."

"तू तुझ्या सुनेला सांगितलंस सहा महिने थांब म्हणून?"

"मी तिच्या भिंतीपलीकडे झोपते." ताई म्हणाली. "रोज ऐकते. परवा उठले, दार ठोठावलं, आत गेले. त्याने मलाही ढकललं."

"मग कायद्याच्या विरुद्ध मत दे."

"आणि उद्या माझ्या जागी कोण येईल? तोच, वर्षभर म्हणणारा. दगडापेक्षा वीट मऊ."

"विटेनेही डोकं फुटतं, ताई."

 ताई उठली, वर जाऊन सुनेच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मागच्या दाराने गेली. सुनेने मान वर केली नाही.

मतदानाच्या दिवशी सगळ्या जणी खालच्या खोलीत टीव्हीपुढे बसल्या. सूनही आली. ताई बोलायला उभी राहिली आणि कागद न बघता म्हणाली, "माझी एक दुरुस्ती आहे. जिच्या अंगावर हात टाकला गेला, तिला ही मुदत लागू करू नये."

वकीलबाई ताडकन सरळ बसली. सभागृहात मात्र हशा पिकला. तिच्याच बाकावरचा एक जाडजूड गृहस्थ ओरडला, "संसारात भांड्याला भांडं लागायचंच! ताई, तुमच्या घरी सगळं ठीक ना?"

कॅमेरा ताईच्या चेहऱ्यावर गेला. आता बोलेल, असं धाकटीला वाटलं. एक वाक्य, बस. तिचं सबंध आयुष्य त्या एका वाक्याची वाट बघत असल्यासारखी ती पुढे झुकली.

"माझ्या घरचं माझ्या घरी," ताई म्हणाली आणि बसली.

दुरुस्ती पडली. मग मूळ कायद्यावर मत घेतलं, आणि ताईने हात वर केला.

कुणीतरी टीव्हीला शिवी हासडली. सून उठली, आपला कप उचलला आणि डाव्या हाताने विसळू लागली. धाकटी तिच्याशेजारी जाऊन उभी राहिली. फडकं पुढे केलं, तर सून म्हणाली, "राहू द्या. एका हाताने जमतं मला."

पुढे व्हायचं तेच झालं. दुरुस्ती मांडली म्हणून पक्ष रुसला, आणि कायद्याला मत दिलं म्हणून बायका संतापल्या. तेल गेलं, तूप गेलं, तशी ताईच्या हाती धुपाटणं आलं. पहिल्याच फेरबदलात मंत्रिपद गेलं. एका मासिकाच्या मुलीने धाकटीला फोनवर विचारलं, तुमच्या बहिणीला स्त्रीवादी म्हणायचं की नाही? धाकटीच्या जिभेवर बरंच काही होतं. सुनेचं गाऱ्हाणं सांगितलं असतं तर ताईचं तोंड काळं झालं असतं. पण ते गाऱ्हाणं सुनेचं होतं, बहिणीवर फेकायचा दगड नव्हे. "मला विचारू नका, मी तिच्या जिवावर शिकले," एवढंच बोलून तिने फोन ठेवला, आणि दिवसभर स्वतःवरच चिडत राहिली.

सून मात्र आठवडा उलटूनही राहिली, आणि कायद्याला हात लावता आला नाही. ही किमया वकीलबाईने शोधली. मसुद्यात "पतीच्या घरी" असं होतं, तिथे शेवटच्या प्रतीत "कुटुंबात" असा शब्द आला होता. सहा महिने कुटुंबात काढायचे. नवऱ्याची मावशी म्हणजे कुटुंबच की! सुनेने आपलं सामान आधारगृहाच्या खाटेवरून धाकटीच्या खोलीत हलवलं, आणि तिचे सहा महिने मोजले जाऊ लागले.

शब्द कुणी बदलला, हे विचारायची गरज नव्हती. तरी ताई भेटायला आली तेव्हा धाकटीने विचारलंच.

"मीच," ताई म्हणाली. "पक्षातल्यांना वाटलं, कुटुंब म्हणजे जास्त भारदस्त. तेवढाच एक शब्द हाती लागला."

"आणि जिला कुणीच नाही तिने?"



सून भेटायला खाली आली, पण बसली नाही. "आई, तुम्ही मला इथे आणलंत, ते मी विसरणार नाही. हात वर केलात, तेही विसरणार नाही. कुठलं मोठं, हे मला अजून कळत नाही. कळलं की सांगेन." आणि दवाखान्यात जायला निघाली. प्लास्टर निघालं होतं, पण मूठ पुरती वळत नव्हती.

ताई डोळे टिपत राहिली. धाकटीने तिची समजूत काढली नाही, जा असंही म्हटलं नाही. तिला वेळच नव्हता. वर पाच बायकांचा आठवडा संपत आला होता आणि प्रत्येकीसाठी एखादं कुटुंब शोधायचं होतं : कुणाची आत्या, कुणाचा चुलता, कुणाची लग्न झालेली बहीण. दिवसभर फोन, आणि पलीकडून तीच उत्तरं. जागा नाही. नवरा काय म्हणेल. लोक काय म्हणतील. सकाळपासून तीन ठिकाणी नकार आला होता. चौथा फोन एकीच्या चुलत्याला होता, आणि तीच विनंती पुन्हा करताना धाकटी अडखळली.

ताईने तिच्या हातातून फोन काढून घेतला.

"काका, तुमच्या घराण्याची पोर परक्यांच्या खाटेवर झोपते, ही अब्रू आहे का तुमची?" सभागृहातला तोच खणखणीत आवाज. "मुलगी दिली म्हणजे टाकली का? घरातल्या मोठ्याने तिला पंखाखाली घ्यायचं असतं, हीच आपली रीत."

दारात उभ्या वकीलबाईने कपाळावर हात मारून घेतला. धाकटी मान भिंतीला टेकून ऐकत राहिली. त्यातला एकही शब्द तिला पटत नव्हता.

"विचार करतो म्हणाला," ताईने फोन खाली ठेवला. "उद्या परत करू त्याला. आता कोण?"

"हिची आत्या," धाकटी यादीतल्या पुढच्या नावावर बोट ठेवत म्हणाली. "ऐकू कमी येतं तिला. जरा मोठ्याने बोल."