डाव्या चाकावरचा तळवा

हिवाळ्यातलं कोवळं ऊन पडलं की तेलानं काळवंडलेला तो तळवा नुकत्याच नांगरलेल्या काळ्या रानासारखा दिसे. रेषांच्या सऱ्या, मधूनच चकाकणारा लोखंडाचा कीस, आणि अंगठ्याच्या बुडाशी चिकटलेला कापसाचा एक पुंजका. अकोल्याच्या जिनिंगमागच्या त्या गल्लीत कापूस असाच उडत असतो, कोणाच्याही अंगावर बसतो. हमीदभाई मेकॅनिक म्हटलं की मला आधी त्यांचा चेहरा आठवत नाही, हा तळवा आठवतो. त्यांना ऐकू येत नसे. जन्मभर घणाच्या सान्निध्यात राहिलेल्या त्यांच्या कानांचा नादानं केव्हाच निरोप घेतला होता. पण जाता जाता आपलं सारं बिऱ्हाड त्या तळव्यात हलवून गेला होता, असं मला वाटे.

मी अमरावतीची. यजमान गेल्यावर त्यांची जुनी गाडी चालवायला मी साठीनंतर शिकले, लोक हसले ते हसू दिले, आणि दर गुरुवारी थोरल्या बहिणीकडं अकोल्याला जायचा नेम धरला. त्या वर्षी गाडी घुमू लागली. बडनेरा सोडलं की भुंग्यासारखी, मूर्तिजापूरच्या पुढं जात्यासारखी. उजवीकडं वळलं की आवाज वाढे, डावीकडं वळलं की मावळे. आमच्या गावात ज्याला त्याला वाटलं, उजव्या चाकाचं बेरिंग गेलं. एकानं ते बदलूनही दिलं. जातं आपलं चालूच!

बहिणीनं सांगितलं म्हणून हमीदभाईंकडं गेले, गाडीचं घुमणं कानी घातलं, तर दारातच त्यांची मुलगी नसरीन आडवी आली. तिशीची, कपाळाला ग्रीस, ओढणी कमरेला खोचलेली.

"काकू, दुसरीकडं दाखवा. अब्बाले चाकाचं काम नाई करू देत मी आता. कान गेले त्यायचे. अन् चाकावर माणसं बसून राह्यतात."

हमीदभाईंनी तिचे ओठ वाचले असावेत. हातातल्या कपातला चहा संपवून ते शांतपणे म्हणाले, "पोरगी खरं बोलून राहिली, ताई. पण एक खेप हात लावू दे, बेटा. चुकलो त आजच शटर पाडतो. कायमचं."

"कसम?" नसरीननं गळ्याला बोट लावून विचारलं.

"कसम."

गाडी जॅकवर चढली. नसरीन चाक हातानं गरगर फिरवी, आणि हमीदभाई चाकामागच्या स्प्रिंगवर तळवा ठेवून डोळे मिटत. गर्भारणीच्या पोटावर सुईण हात ठेवते ना, तसा. उजव्या चाकाशी क्षणभरच थांबले. "हे झोपलं आहे." डाव्याशी मात्र हात हलेना. ऊन त्यांच्या पांढऱ्या भुवयांवर येऊन बसलं, उडता कापूस जणू हवेतच थबकला, आणि त्या निश्चल देहात कुठलंसं सूक्ष्म स्पंदन मनगटातून दंडापर्यंत चढत जाताना मी या डोळ्यांनी पाहिलं. "हे रडून राहिलं."

नसरीननं हातवारे करून भांडण मांडलं. आवाज तर उजवीकडं वळताना वाढतो!

"म्हणूनच त डावं," ते म्हणाले. "गाडी उजवीकडं वळली का वजन कोणावर पडते? डाव्यावर. वळणारा वळून जाते, बेटा. भार दुसऱ्याले उचला लागते."

संसारात मी किती वळणं घेतली, कधी रुसून, कधी हट्टानं. आणि दर वळणाला यजमानांच्या बाजूनं जी बारीकशी कुरकुर उठे, तिचा मला रागच येई. नसरीननं मान खाली घातली आणि बापाच्या हाती पाना दिला.

पान्याला पाइप लावून मधला मोठा नट सोडवला, हब निघाला, मग आतलं बेरिंग. हमीदभाईंनी ते फोडून माझ्या ओंजळीत ठेवलं. जिथं पोलाद आरशासारखं असायला हवं, तिथं देवीच्या व्रणांसारखे खड्डे. नसरीन कितीतरी वेळ बघत राहिली.

"शटर नाई पाडत मंग आज?" तिनं विचारलं. आवाज ओला होता, पण ते त्यांना कसं कळावं!

"उद्या पाडतो. जुम्मा आहे."

नवं बेरिंग प्रेसखाली बसवताना ते तिला दाखवत होते की दाब बाहेरच्या कड्यावर द्यायचा, पोटावर नाही. पोट दाबलं तर नवंही पहिल्याच दिवशी दुखावतं. मग हब परत जागेवर, आणि मग बोरगावच्या रस्त्यावर एक फेरी. ते माझ्या डाव्या हाताला बसले, वाकून पायाजवळच्या पत्र्यावर तळवा टेकवला, आणि डोळे मिटून घेतले. दोन्ही बाजूंनी तुरीची शेतं पिवळी होऊन मागं सरत होती. गाडीत इतकी निःशब्दता होती की मला माझा श्वास ऐकू येई. ती ज्यानं घडवली, त्याला मात्र जग सारखंच मुकं. तरी एका वळणावर त्यांच्या चेहऱ्यावर असं काही उजळलं, की मी परत फिरायचं सोडून पुढंच गाडी हाकत राहिले.

"झोपलं," ते म्हणाले.

हमीदभाई मागच्या पावसाळ्यात गेले. शटर उघडंच आहे. नसरीनचे कान चांगले धडधाकट, पण चाक बघताना ती डोळे मिटते आणि स्प्रिंगवर तळवा ठेवते. तेव्हा तिच्या हाताआड दुसरा एक हात असल्याचा भास मला होतो. मी अजून गुरुवारी जाते. माझ्या डाव्या बाजूनं ती शांतता सोबत धावत असते. आणि उजवं वळण आलं की, बरं का, मी आपसूक गाडी हळू करते, कारण वळताना डावीकडं कोणावर भार पडतो ते दिसत नाही, यजमानांच्या वेळी मला दिसलं नव्हतं तसंच.