बोआतेनच्या गाडीची काच

वर्षभर काळं नेसून नेसून कोनादूला त्या रंगाचा वीट आला होता. आज पहाटेच उठून तिने पांढरंशुभ्र नेसलं. नवरा, बोआतेन, जाऊन वर्ष झालं होतं, गावच्या चर्चमध्ये त्याच्यासाठी प्रार्थना होती, आणि तिथे बोआतेनच्याच गाडीतून जायचं हे तिने कधीचंच ठरवून टाकलं होतं. गाडीही बिचारी वर्षभर अंगणात निपचित पडलेली. काल इसा मिस्त्री नवी बॅटरी बसवून गेला आणि ती लगेच सुरू झाली.

पण ड्रायव्हरच्या बाजूची काच काही ऐकेना. बटण ओढलं की वर जायची, टोकाला टेकायची आणि परत अर्ध्यावर खाली यायची. कुमासी शहर सोडलं की गावापर्यंत नुसती लाल धूळ, आणि अंगावर हे असं पांढरं.

"तो ओढतोय खाली," नणंद पोकुआ शेजारच्या सीटवरून म्हणाली. ती रात्रीच मुक्कामाला आली होती आणि तेव्हापासून हुकूम सोडत होती. "माझ्या भावाने जन्मात कधी काच लावली होती का?"

"काहीतरीच काय वन्सं."

खरं म्हणजे नव्हतीच लावली. कोपर बाहेर काढून, वाटेत दिसेल त्याला हाक मारत गाडी चालवायची, ही त्याची रीत. तासाच्या वाटेला दोन तास लागायचे. चर्चला पोचेपर्यंत नवराबायको विटांसारखे लाल व्हायचे आणि सगळा गाव हसायचा. कोनादू जन्मभर त्यावरून कटकट करत आली.

तो गेल्यापासून तिने त्याची फार वाट पाहिली होती. निदान स्वप्नात तरी यावं, एवढंच मागणं. मेला तिथेही फिरकला नाही. आणि आज ही काच. तिने पुन्हा पुन्हा बटण ओढलं, आणि दरवेळी काच खाली आली की तिला बरं वाटलं. हे तिने पोकुआला सांगितलं नाही.

शेवटी दोघींच्या पांढऱ्या कपड्यांकडे बघून तिने इसाला फोन केला. इसाची सुट्टी शुक्रवारी, त्यामुळे रविवारीही तो लगेच आला.

"काकू, बॅटरी काढली की गाडी विसरते," तो म्हणाला. "घड्याळ विसरते, रेडिओ विसरते. काच कुठवर न्यायची, तेही आता हिला आठवत नाही. वर टेकली की हिला वाटतं, कुणाचा तरी हात अडकलाय. म्हणून मागे येते."

"म्हणजे कोणी ओढत नाही?"

"कोण ओढणार? आधी पार खाली न्या. आता वर. टेकली तरी बोट काढायचं नाही, मी सांगेपर्यंत धरून ठेवा."

राहू दे अशीच, असं कोनादूच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तिने बटण ओढलं. काच वर गेली, टेकली, जराशी थरथरली. तिने बोट काढलं नाही.

"सोडा आता."

काच जागची हलली नाही. रस्त्यावरचा सगळा आवाज बंद झाला. कोनादूला वाटलं, आपल्याच हाताने आपण त्याला बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं. शेजारी पोकुआने पदर डोळ्यांना लावला होता.

"मला खरंच वाटलं गं, आला म्हणून," ती म्हणाली.

"मलाही वाटलं, वन्सं."

इसा काचेवर टकटक करत होता. "नीट झाली ना काकू?"

कोनादूने काच खाली केली. "झाली रे बाबा. अगदी नीट झाली."

गाडी फाटकातून बाहेर पडली तरी काच खालीच होती. कोनादूने कोपर बाहेर काढलं आणि कोपऱ्यावर मक्याचे उंडे, केंके, विकणाऱ्या बाईला बोआतेन मारायचा तशी लांबूनच हाक मारली.

"अगं, धूळ येईल," पोकुआ म्हणाली, आणि तिने आपलीही काच खाली घेतली.

चर्चच्या दारात उतरल्या तेव्हा दोघींच्या पांढऱ्याचा पार विटकरी रंग झाला होता. बोआतेनची म्हातारी मावशी काठी टेकत पुढे आली. तिने दोघींना नखशिखांत न्याहाळलं आणि तिचे डोळे भरून आले.

"बोआतेनच्या गाडीतून आलात वाटतं," ती म्हणाली.