सागाचा उंबरठा

आमच्या वसाहतीत प्रत्येक घरामागे जुनी लाकडं रचून ठेवलेली दिसतील. ती चुलीसाठी नाहीत. धरणाचं पाणी चढायला लागलं तेव्हा लोकांनी जुन्या गावातली घरं आपल्याच हातांनी उतरवली आणि चौकटी, खिडक्या, छताच्या तुळया म्हणजे मयाली ट्रॅक्टरवर घालून इकडे आणल्या. इथे उभी राहिली सिमेंटची घरं आणि लोखंडी दरवाजे. त्यात ती लाकडं बसेनात आणि विकायला कुणाचा जीव होईना. मग कधीतरी रीत पडली, की जुन्या गावचं माणूस गेलं की त्याच्या घराचं एक लाकूड सरणावर ठेवायचं. कुणी सुरू केली ठाऊक नाही, पण आता ती चुकवलेली चालत नाही.

आमच्या वाट्याला चौकटीचे चार तुकडे आणि एक उंबरठा होता. माझे मालक, आनंदराव, त्या उंबरठ्याचे जेवढे लाड करायचे तेवढे माझे कधी केले नाहीत. दर उन्हाळ्यात गाडीचं जळकं तेल पाजून पाजून तो काळाकुट्ट केलेला. येईल त्या पाहुण्याला घरामागे नेऊन दाखवायचे. "माह्या आज्यानं सागाचं खोड आणून बनवला. आपल्या मोहल्ल्यात सागाचा उंबरठा फक्त आपल्याच घराले होता." मी म्हणायची, सागाचा असो की सोन्याचा, पावसाळ्यात त्याच्याखालून विंचू निघतात, फोडून टाका एकदाचा. त्यावर ठरलेलं उत्तर यायचं, "मी मेलो का तो माह्यासंगं जाईन. तवर हात नको लावू त्याले."

माझ्या दोन्ही किडन्या गेलेल्या आहेत. मंगळवारी आणि शुक्रवारी भंडाऱ्याला सरकारी दवाखान्यात मशीनवर झोपून रक्त धुवून घ्यावं लागतं. एका पावसाळ्यात रस्त्यावर पाणी आलं आणि मशीनची एक पाळी चुकली, तर छातीत पाणी भरलं. रात्रभर भिंतीला टेकून मासोळीसारखी तोंड उघडून बसले होते. मशीनवरून उतरलं की पायांत त्राण राहत नाही. बसस्टँडवर एकदा पडलेच. त्यानंतर आनंदरावांनी कुठूनशी ती जुनी एट हंड्रेड मोटार आणली, पांढरी, दारं गंजलेली. आयुष्यभर त्यांनी धरणाच्या कामावर टिपर चालवला होता. ज्या भिंतीनं आमचं गाव बुडवलं, तिच्यावर मुरूम टाकून आम्ही पोट भरलं. त्याबद्दल आम्ही घरात बोलत नसू.

तर मे महिन्यातल्या त्या मंगळवारी, दवाखान्यातून परत येताना कारध्याच्या पुलावर डावीकडच्या पुढच्या चाकाखालून खट् खट् आवाज यायला लागला. घरी आल्यावर यांनी चाक वरून-खालून धरून हलवलं. ते दुधाच्या दातासारखं हललं.

"लोअर आर्मचा बॉल जॉइंट गेला," म्हणाले. मला काय कळतंय! मग समजावून सांगितलं, की चाक गाडीला धरून ठेवणारी ती गाठ असते. ती निसटली की चालत्या गाडीचं चाक आडवं पडतं.

हायवेवरचा मेकॅनिक म्हणाला, लग्नाचा सीझन आहे, गाडी टाकून जा, चार दिवसांनी बघतो. वसाहतीतल्या दोन्ही भाड्याच्या गाड्या शुक्रवारी वरातीला बोललेल्या होत्या. मी म्हटलं, बसनं जाऊ, पडले तर पडले. आनंदराव माझ्यावर खेकसले. गुरुवारी सकाळी भंडाऱ्याहून नवा आर्म घेऊन आले आणि दुपारपासून अंगणातच कामाला लागले. चाक काढलं, जुना बोल्ट गंजून चिकटलेला होता, त्यावर डिझेल टाकून ठेवलं. आमचं अंगण म्हणजे धानाच्या बांधीवर, म्हणजे भाताच्या खाचरावर, टाकलेला मुरूम, तिथे जॅक रुततो, म्हणून जॅकखाली फळी घातली होती.

संध्याकाळी शेजारचे मंगरू आले. ते ढिवर, जलाशयावर मासे धरतात. जुन्या गावातही आमच्या मोहल्ल्याच्या पलीकडेच राहायचे. गाडीकडे बघून म्हणाले, "आनंदराव, एकट्या जॅकवर भरोसा नका ठेवू. माह्याकडे ट्रॅक्टरच्या दोन रिमा पडल्या हायेत. सकाळी जाळे काढून आलो का आणून देतो. गाडी त्याच्यावर बसवजा, मंगच खाली जाजा."

"आणा बाप्पा," आनंदराव म्हणाले.

शुक्रवारी उजाडल्या-उजाडल्या बोल्ट सुटला. जुना आर्म निघाला, तेव्हा यांना एवढा आनंद झाला की चहा मागितला. मला मोजूनच पाणी प्यायचं असतं, मी अर्धी वाटी घेऊन दारात बसले. नवा आर्म आतल्या बाजूनं बसला, पण बाहेरचं टोक चाकाच्या जागेशी मिळेना. त्याला खालून जॅक लावून वर उचलायला हवं होतं. जॅक एकच, आणि त्यावर गाडी उभी.

"मंगरू भाऊ येतच असन. थांबा ना थोडं," मी म्हटलं.

"तो आज कवा येते का नाही. तुले अकरा वाजता मशीनवर टाकतो म्हंजे टाकतो."

आणि घरामागे गेले. चौकटीचे तुकडे आणले, मग उंबरठा खांद्यावर टाकून आले. साठी ओलांडलेला माणूस एका हातानं तोल सावरत आला, तेव्हाच मला शंका आली.

"इतका हलका काहून हाये तो?"

"वाळला हाये."

"वाळला का पोखरला? रोज त्याच्याखालचा भुसा झाडा लागते मले."

"सागाले वाळवी लागत नाही, वच्छला." हातोडी घेऊन ठोकून दाखवला. "आयक, कसा वाजते. चार पिढ्या याच्यावरून आल्या-गेल्या, ह्या डब्ब्याचं काय वजन!"

पालथ्या घड्यावर पाणी. चौकटीचे तुकडे आडवे-उभे रचले, वर उंबरठा ठेवला, आणि जॅक हळूहळू उतरवला. गाडी लाकडावर बसली. लाकडानं धरली. यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही आजाच समोर उभा राहून शाबासकी देतोय. मग जॅक काढून आर्मखाली लावला आणि स्वतः खाली शिरले. मला फक्त पाय दिसत होते, आणि एका पायातली निळी चप्पल.

टोक जागेवर बसलं. "झालं!" आतून ओरडले. "आता एकच बोल्ट कसायचा राहिला. तू लुगडं बदलून घे."

मी उठले नाही. यांनी पान्याला लोखंडी पाइप लावला आणि दोन्ही हातांनी जोर दिला. गाडी हलली. कडकड आवाज होईल असं वाटतं ना? तसं काही झालं नाही. पोखरलेलं लाकूड आवाज करत नाही, ते नुसतं खाली बसतं. उंबरठा मधोमध मोडून बसला आणि गाडी त्याच्याबरोबर बसली.

मी काय केलं ते नीट आठवत नाही. दवाखान्यात सांगितलंय, ज्या हाताला सुई लावतात त्या हातानं बादलीसुद्धा उचलायची नाही. त्याच हातानं मी गाडी उचलायला बघत होते. ओरडत होते. लोक धावून आले, गाडी हातांवर उचलली, यांना बाहेर ओढलं. तेवढ्यात मंगरू सायकलवर दोन रिमा बांधून दारात आले. रिमा बघून मला त्यांचा राग आला. त्यांचा काय दोष होता! पण आला. सायकल त्यांच्या हातातून सुटून पडली.

ॲम्ब्युलन्स लवकर आली. मंगरू पुढे बसले, मी मागे यांचा हात धरून. कारध्याच्या पुलापर्यंत छाती वर-खाली होत होती. पूल उतरलो तेव्हा होत नव्हती. मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तर गाडी हळू चालवतील, असं काहीतरी डोक्यात होतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी यांचे डोळे उघडून बघितले आणि कापड वर ओढलं. मी तिथेच फरशीवर बसून राहिले. थोड्या वेळानं मशीनच्या वॉर्डातली रिता सिस्टर खाली आली. तिला कुणी सांगितलं होतं कुणास ठाऊक. माझ्या पायाची सूज बोटानं दाबली, तर खड्डा पडला आणि तसाच राहिला.

"मावशी, तुमची मशीन लावून ठेवली आहे," ती म्हणाली. "चला."

"मी नाही येत."

"आज नाही घेतलं तं रात्र निघणार नाही तुमची."

"न निघो."

मंगरू माझ्यासमोर उकिडवे बसले. "वयनी, तो माणूस कायसाठी गाडीखाली गेला? जा तुमी. मी आहो इथं, हालत नाही."

मी गेले. मला लाज वाटली, अजून वाटते. नवरा खाली कापडाखाली पडलेला आणि मी वर पलंगावर हात पुढे करून सुई टोचून घेत होते, जगायला. रडायचीही सोय नव्हती, रिता म्हणाली, हात हलवू नका. समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं. अकराला थोडा अवकाश होता. बोलल्याप्रमाणे यांनी मला पोचवलं होतं.

अश्वजित, आमचा मुलगा, पुण्याहून शनिवारी सकाळी आला. जलाशयाच्या काठावर सरण रचलं. त्रिशरण, पंचशील झालं. रीतीचं लाकूड ठेवायचं बाकी होतं आणि कुणाची विचारायची हिंमत होत नव्हती.

"ते लाकूड नको," अश्वजित दात आवळून म्हणाला. "त्या लाकडानंच मारलं माह्या बापाले."

"आणा," मी म्हटलं. "त्याइनं सांगून ठेवलं होतं."

मंगरू गेले आणि उंबरठ्याचे दोन्ही तुकडे घेऊन आले. पण सरणाकडे न जाता मला जरा बाजूला बोलावलं. ते नावा बांधतात, लाकडावर हात ठेवला की त्यांना कळतं. तुटलेल्या जागी नख ओढलं, भुसा गळला.

"वयनी, हा साग नाही," हळूच म्हणाले. "आंबा हाय हा."

मी बघितलं. तेलाचा काळा थर कागदाएवढा. आत पिवळट, मऊ, जाळी झालेलं लाकूड. त्या काळी दुसऱ्याच्या बांधीत राबणाऱ्या माणसाला साग कोण देणार होतं? आज्यानं आंब्याचा उंबरठा केला, काळा रंगवला, आणि मोहल्ल्याला सांगितलं साग आहे. मुलाला सांगितलं. मुलानं नातवाला. आणि नातू त्या शब्दावर विश्वास ठेवून गाडीखाली गेला. माझ्या अंगाचा भडका उडाला. वाटलं, तो तुकडा लोकांसमोर धरून ओरडावं, बघा, ह्यासाठी मेला माझा माणूस.

यांच्याकडे बघितलं. तोंड तेवढं उघडं होतं. किती पाहुण्यांना हात धरून घरामागे नेलं होतं यांनी.

"मंगरू भाऊ," मी म्हटलं, "तुटकी बाजू आत करून ठेवजा. आन् कोणी इचारलं तं साग होता म्हणजा."

मंगरूंनी एक तुकडा उचलून तुटकी बाजू आपल्याकडे वळवली. मग तो हलका तुकडा दोन्ही हातांनी छातीशी धरून, कमरेत वाकून सरणाकडे चालू लागले.

"अश्वजित, इकडून हात लाव बाबू," सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "सागाचा हाय. एकट्याच्यानं नाही होत."