आईचं वाक्य

माझी आई अडखळत बोलते. तिची कादंबरी कुठेही अडखळत नाही. एवढ्यावरून ती कादंबरी तिची नाहीच, असं ठरवायला लोक निघाले.

घराघरात पोचलेलं पुस्तक ते. सभांमध्ये बाबा त्यातली पानं वाचून दाखवायचे आणि आई शेजारच्या खुर्चीत बसायची. बाबांचा आवाज खणखणीत. लोक त्या आवाजाच्या प्रेमात होते. बाबा गेले आणि मग पुस्तकही त्या आवाजाच्या नावावर करायची सगळ्यांना घाई झाली.

सुरुवात झाली आमच्याच घरातून. आमच्याकडे एक खोड आहे. आईचं वाक्य अडलं की जवळ असेल तो ते पुरं करतो, आणि सुटले एकदाची म्हणून ती मान डोलावते. अशी मान डोलावून तिने आयुष्यभर नको तितका गोड चहा प्यायला आहे.

एक संशोधक घरी आला. कादंबरीतले कोर्टाचे प्रसंग इतके हुबेहूब कसे जमले, असं त्याने विचारलं. आई म्हणाली, "मी रोज..." आणि अडली. काका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, तिथेच बसले होते. भावाच्या आठवणीने त्यांचा ऊर आधीच भरून आला होता. ते म्हणाले, "रोज दादाला विचारायच्या. दादा सांगायचा आणि वहिनी उतरवून घ्यायच्या."

आईने मान डोलावली.

झालं. 'लेखिकेनेच दिली कबुली' असं छापून आलं. खरं तर ती रोज डबा घेऊन कोर्टात मागच्या बाकावर जाऊन बसायची. बाबा कोर्टाची पायरीही कधी चढले नव्हते. काकांना हे ठाऊक होतं, पण मेलेल्या भावाला फुकटात मोठं करता येत असेल तर कोण सोडतो? ज्यांनी पुस्तक उघडूनही पाहिलं नव्हतं तेसुद्धा म्हणू लागले, तरीच म्हटलं, बाईमाणसाला हे कसं जमलं. माझ्या मस्तकात तिडीक जायची.

मग प्रकाशकांनी आम्हाला बोलावलं. नव्या आवृत्तीवर दोघांची नावं टाकू, वाद मिटेल, शेवटी नवरा-बायकोच ना, असं त्यांचं गोड बोलणं. कागद तयार होता, फक्त आईची सही हवी होती. काका आले होते. संशोधकही होता, पेनाचं टोपण आधीच काढून बसलेला.

"तुमची काही हरकत नाही ना?" प्रकाशकांनी विचारलं.

"ही..." आई म्हणाली आणि अडली.

काकांनी तोंड उघडलं.

"काका, एक शब्द बोललात तर याद राखा," मी म्हणाले.

चहावर साय धरली. प्रकाशक खिडकीबाहेर बघू लागले. आईच्या मानेच्या शिरा ताणल्या होत्या. ते वाक्य माझ्याही जिभेवर आलं होतं. मी दात आवळून बसले.

"ही... का... कादंबरी... मी... लिहिली."

तिने कागद प्रकाशकांकडे परत सरकवला. सहीशिवाय त्यांचा इलाज नव्हता. आवृत्ती एकट्या आईच्या नावाने निघाली.

आता तरी तोंडं बंद होतील असं मला वाटलं होतं. पुढच्या रविवारी संशोधकाचा लेख आला. त्यात होतं: 'जिला चार शब्द उच्चारायला इतका वेळ लागतो, तिच्याकडून चारशे पानांची निर्मिती होणे हे होण्याच्या दृष्टीने असंभवनीय वाटते.'

मी पेपर चुरगाळायला निघाले. आईने तो माझ्या हातातून काढून घेतला, चष्मा लावला आणि तो लेख शेवटपर्यंत वाचला. मग तिने बोलायला सुरुवात केली. काका समोरच होते. ते खाली मान घालून बसले. मीही थांबले. आमच्या घरात एवढा वेळ कुणी कधी थांबलं नव्हतं.

"ह्या... ह्या माणसाला," आई म्हणाली, "एक... वाक्य... धड... लि... लिहिता येत नाही."